थडग्याजवळचा प्रश्न आणि रस्त्यावरचे गाडे

नाट्यशिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिच्या टिपणांत लिहिलंय, की युरोपातलं मध्ययुगीन धार्मिक नाटक चर्चच्या प्रार्थनेत जन्मलं, मग चर्चच्या दारात आलं, तिथून बाजारात गेलं आणि शेवटी धर्माचं बोट सोडून मोकळं झालं. हे खरं का? आणि त्यातलं काही मराठीत करून बघायचं तर कुठून सुरुवात करावी?

हा जिना मीही पाठ केला होता. परीक्षेत तो चालतो, कारण लक्षात राहायला सोपा आहे. पण पुढे या संहिता हातात घेऊन तालमी केल्या आणि एकेक पायरी निसटत गेली. आज मी असं सांगेन: मठातलं नाटक आणि शहरातलं नाटक ही आई आणि लेक नव्हेत. दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या कामांसाठी, स्वतःच्या हातांनी केलेल्या त्या दोन गोष्टी आहेत. कुणाच्या हातांनी आणि कशासाठी, हे धरून वाचलं की सगळं उलगडतं.

मठापासून सुरू करू. दहाव्या शतकात ईस्टरच्या उपासनेत चार-पाच ओळींची एक संवादरूप भर गायली जाऊ लागली. स्वित्झर्लंडमधलं सेंट गाल आणि फ्रान्समधलं लिमोज इथल्या हस्तलिखितांत ती सापडते. लॅटिनमध्ये तिची सुरुवात 'क्वेम क्वेरितिस' अशी होते. देवदूत विचारतो, "ख्रिस्ताच्या भक्तांनो, या थडग्यात तुम्ही कोणाला शोधता?" थडग्यावर आलेल्या बाया म्हणतात, "क्रुसावर दिलेल्या नाझरेथकर येशूला." आणि उत्तर येतं, "तो इथे नाही. सांगितल्याप्रमाणे तो उठला आहे. जा, आणि तो थडग्यातून उठला हे सांगा."

इंग्लंडमध्ये विंचेस्टरचा बिशप एथेलवोल्ड याने ९७० च्या सुमारास मठांसाठी एक नियमावली तयार केली. तिच्यात हे कसं करायचं ते इतक्या बारकाईने लिहिलंय, की मी दिग्दर्शनाच्या पहिल्याच तासाला ते विद्यार्थ्यांपुढे वाचतो. पहाटेच्या प्रार्थनेत तिसरं वाचन चालू असताना चार मठवासी पोशाख करतात. त्यातला एक पांढरा झगा घालून, जणू दुसऱ्याच कामाला आल्यासारखा आत येतो आणि गुपचूप थडग्याच्या जागी हातात झावळी घेऊन बसतो. मग उरलेले तिघे, म्हणजे थडग्यावर येणाऱ्या बाया, धुपाटणी घेऊन येतात. पाऊल जपून टाकत, काहीतरी शोधत असल्यासारखे. ते जवळ आले की बसलेला मध्यम, गोड आवाजात प्रश्न गातो. उत्तर मिळाल्यावर तो त्यांना जागा दाखवतो. तिघे धुपाटणी खाली ठेवतात, तिथलं तागाचं वस्त्र उचलतात आणि सगळ्यांसमोर उलगडून धरतात. ते रिकामं असतं. मग वस्त्र वेदीवर ठेवलं जातं, मठाचा प्रमुख स्तुतिगीत सुरू करतो आणि सगळ्या घंटा एकदम वाजू लागतात.

त्या कापडापाशी थांबावंसं वाटतं. दोन दिवस आधी, गुड फ्रायडेला, याच मठवाशांनी एक क्रूस त्या वस्त्रात गुंडाळून त्याच जागी ठेवला होता आणि आळीपाळीने पहारा दिला होता. ईस्टरच्या पहाटे प्रार्थनेपूर्वी तो क्रूस काढून नेलेला असतो. म्हणजे वस्त्र उलगडतं तेव्हा सगळ्यांना ठाऊक असलेली एक वस्तू खरोखरच तिथे नसते. हे 'प्रॉपर्टी' दाखवणं नव्हे. समोर बसलेले प्रेक्षकही नाहीत. रात्रभर जागलेली, उपासनेत सामील असलेलीच माणसं आहेत. पुरुषाने बाईचं काम करावं म्हणून आवाज बदलायला सांगितलेला नाही, डोक्यावरून पदर नाही. याला कोणी 'नाटकाचं बाळ' म्हणतं, मोठं होऊन पुढे शहाणं होणारं, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. हे बाळ नाही, ते आपल्या जागी पूर्ण आहे. त्याला आणखी संवाद नकोत की नेपथ्य नको.

जिन्याची कल्पना रुजवली ती मुख्यतः ई. के. चेंबर्स या इंग्रज अभ्यासकाने. मध्ययुगीन रंगभूमीवरचा त्याचा दोन खंडांचा ग्रंथ १९०३ मध्ये आला. त्याने गोळा केलेला मालमसाला आजही उपयोगी पडतो. पण तो काळ उत्क्रांतिवादाचा होता. साध्यापासून गुंतागुंतीकडे जाणं हा जणू निसर्गाचाच नियम मानला जाई. १९६५ मध्ये ओ. बी. हार्डिसन या अमेरिकन अभ्यासकाने त्यातली चूक दाखवली: संहिता कालक्रमाने लावल्या नव्हत्या, साध्या आधी आणि मोठ्या नंतर अशा लावल्या होत्या. तारखा पाहा, जिना आपोआप ढासळतो. विंचेस्टरसारखा छोटा ईस्टर-संवाद सोळाव्या शतकातही युरोपभर गायला जात होता. म्हणजे शहरांतले प्रचंड प्रयोग जोरात असताना मठात तो आपल्या जागी तसाच होता. तो कशातही 'विकसित' झाला नाही, कारण त्याचं काम झालेलं होतं.

उलट बाजूनेही तेच. विंचेस्टरची नियमावली लिहिली गेली त्याच शतकात जर्मनीतल्या गांडर्सहाइमच्या मठात ह्रोत्सविथा नावाच्या विदुषीने रोमन नाटककार टेरेन्सचा नमुना समोर ठेवून सहा लॅटिन नाटकं लिहिली, गद्यात आणि भरपूर संवादांची. ११५० च्या सुमारास बिंगेनच्या हिल्डेगार्डने सद्गुणांचं संगीतनाटक रचलं. त्यात सगळे गातात, फक्त सैतानाला गाणं नाही. तो ओरडतो. संगीत हाच ईश्वराचा स्पर्श मानणाऱ्या बाईने केलेली ही योजना आहे. नटाला एका शब्दानेही न समजावता खलपात्र कसं उभं करावं याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आणि बाराव्या शतकाच्या मध्याचं आदामाचं नाटक. संवाद अँग्लो-नॉर्मन फ्रेंचमध्ये, रंगसूचना लॅटिनमध्ये. नंदनवन उंचावर बांधा, भोवती रेशमी पडदे इतक्या उंचीचे लावा की आतली माणसं खांद्यापासून वर दिसावीत. फुलं लावा, फळं लटकलेली झाडं लावा. आदामाला नीट शिकवा, की उत्तर देताना घाई करू नये आणि रेंगाळूही नये. कोणीही एक अक्षर जास्त घालू नये, एक गाळू नये. नंदनवनाचं नाव घेईल त्याने त्याच्याकडे पाहावं आणि हात करावा. नरकातून धूर निघावा, भांडी आपटल्याचा आवाज यावा, सैतानांनी मोकळ्या जागेतून धावावं. हव्वेला फितवणाऱ्या सैतानाचा प्रवेश वाचा: तो तिच्या नाजूकपणाची स्तुती करतो, आदाम कसा कठोर आहे ते सुचवतो, गुपित राखशील ना असं विचारतो. हे सगळं इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात रस्त्यातून फिरणाऱ्या गाड्यांवर जी नाटकं होत, त्यांच्या दोनशे वर्षं आधीचं आहे. जिन्यावर याला कुठल्या पायरीवर उभं करणार?

आता शहर. इथे जरा रमतो, कारण माझं मन इथलं आहे.

१२६४ मध्ये पोप अर्बन चौथा याने कॉर्पस क्रिस्टी, म्हणजे ख्रिस्तशरीराचा सण, सगळ्या चर्चसाठी जाहीर केला. प्रत्यक्षात तो सर्वत्र रुजला तो चौदाव्या शतकात, १३१७ नंतर. सण येतो ईस्टरनंतर साठाव्या दिवशी, मे अखेर ते जूनमध्ये. उत्तर इंग्लंडमध्ये तेव्हा दिवस सर्वांत मोठा असतो. त्या दिवशी पवित्र भाकर मिरवणुकीने रस्त्यात आणली जाई. या दिवसाभोवती यॉर्क, कव्हेंट्री, चेस्टर अशा शहरांतल्या कारागिरांच्या गिल्ड्सनी, म्हणजे एकेका धंद्याच्या संघांनी, सृष्टीच्या उत्पत्तीपासून अखेरच्या निवाड्यापर्यंतची सगळी कथा उभी केली. चेस्टरने आपला प्रयोग पुढे पेंटेकॉस्टच्या, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणाच्या, आठवड्यात नेला आणि तीन दिवसांत वाटला.

हे नाटक चर्चच्या दारातून ढकललं जाऊन बाजारात पडलेलं नव्हतं. ते महापालिकेने ठरवलं, गिल्डने पैसे घातले आणि धंदा करणाऱ्या माणसांनी केलं. यॉर्कमध्ये गाड्यांचा पहिला उल्लेख १३७६ चा आहे, आणि तो आहे गाडे ठेवायच्या जागेबद्दल! मला ही नोंद फार आवडते. कुठल्याही नाट्यसंस्थेचा पहिला खरा प्रश्न सेट ठेवायचा कुठे हाच असतो. १४१५ मध्ये शहराचा कारकून रॉजर बर्टन याने कोणत्या गिल्डकडे कोणता प्रवेश याची यादी केली. नटांनी पहाटे साडेचारला तयार असावं, असा हुकूम होता. मिकलगेटपासून पेव्हमेंटच्या चौकापर्यंत साधारण बारा थांबे. प्रत्येक गाडा एका थांब्यावर खेळ करून पुढे सरके आणि मागचा त्याची जागा घेई. हाती आलेली संहिता ४७ नाटकांची आहे. ख्रिस्ताचं काम करणारे वीसहून अधिक, कारण प्रत्येक गाड्याचा ख्रिस्त वेगळा. टोरांटोत १९९८ मध्ये ही सगळी नाटकं गाड्यांवर एकाच दिवशी केली. फक्त चार थांबे ठेवूनही पहाटे सुरू झालेला प्रयोग रात्री उशिरापर्यंत चालला.

कामाची वाटणी पाहा. नोहाचं जहाज बांधायचा प्रवेश जहाज बांधणाऱ्यांकडे, प्रलय कोळी आणि खलाशांकडे, शेवटचं भोजन पाव भाजणाऱ्यांकडे, सोनं घेऊन येणारे राजे सोनारांकडे. यात धंद्याची जाहिरात होती, हे खरं. पण तेवढंच म्हणून सोडणं मला पटत नाही. जहाज बांधणारा माणूस लोकांसमोर नोहा होऊन फळीला फळी जोडतो, तेव्हा आपलं रोजचं काम देवाच्या कथेत बसतं हे तो स्वतःच्या हातांनी अनुभवत असतो.

सगळ्यात श्रीमंत गिल्ड कापडाच्या मोठ्या व्यापाऱ्यांची, त्यांच्याकडे अखेरचा निवाडा. १४३३ मधली त्यांच्या सामानाची यादी शिल्लक आहे. चार चाकांचा गाडा. नरकाचं तोंड. सैतानांचे पोशाख आणि मुखवटे. देवाला बसून स्वर्गात वर जाण्यासाठी लोखंडी चौकट, चारी कोपऱ्यांना चार दोर. तांबडे रंगवलेले नऊ छोटे देवदूत, आणि त्यांना स्वर्गात पळवायला एक लांब, बारीक दोरी. ती दोरी ओढणारा माणूस खाली कुठेतरी वाकून उभा असेल. त्याचं नाव यादीत नाही. पण ज्याने कधी विंगेत उभं राहून पडद्याची दोरी धरली आहे, त्याला तो कसा उभा होता हे सांगावं लागत नाही.

कव्हेंट्रीचे जमाखर्चही असेच बोलके आहेत. तिथल्या लोहारांनी १४९० मध्ये येशूचा निवाडा करणाऱ्या पिलाताच्या नटाला चार शिलिंग दिले, हेरोद राजाला तीन शिलिंग चार पेन्स आणि देवाला, म्हणजे ख्रिस्ताला, दोन शिलिंग. पहिल्यांदा वाचताना विद्यार्थी हसतात. मी त्यांना सांगतो, त्या गिल्डकडे अटकेपासून क्रुसापर्यंतचा भाग होता. त्यात बोलणारे न्यायाधीश आणि राजे, ख्रिस्त बहुतेक गप्प. नटाच्या मेहनतीचे पैसे होते ते, श्रद्धेचे नव्हेत. १५७३ च्या खर्चात एकाच माणसाला, येशूला दगा देणाऱ्या यहूदाला फाशी देण्याबद्दल चार पेन्स आणि कोंबड्याचं आरवणं करण्याबद्दल चार पेन्स दिल्याची नोंद आहे.

आता ज्या नाटकामुळे मी या विषयात कायमचा गुंतलो ते. यॉर्कचं क्रुसारोहण टाचण्या-खिळे बनवणाऱ्यांच्या गिल्डकडे होतं. जेमतेम तीनशे ओळी. चार शिपाई येशूला क्रुसावर खिळतात, बस्स. बोलणं सगळं कामाचं. भोक जास्त लांब पाडलंय, हात पोचत नाही. मग दोर बांध आणि ओढ. क्रूस उचलून टेकडीवर न्यायचा तर खांदा निखळला, खाली ठेवा, दम खाऊ द्या. खड्डा रुंद झालाय, लाकूड डुगडुगतंय, पाचर ठोका.

आम्ही ते मराठीत बसवायला घेतलं तेव्हा माझी पोरं शिपायांना खलनायक करून टाकत होती. दात-ओठ खाणं, विकट हसणं. तीन आठवडे काहीच घडेना. मग मी खरं लाकूड मागवलं, दोन माणसांना न पेलणारं, आणि सांगितलं की अभिनय बंद, हे फक्त उभं करायचं. दहा मिनिटांत वाक्यं आपोआप जागेवर पडली, कारण ती मुळात श्वासावरच लिहिलेली आहेत: उचलताना तोकडी, टेकवल्यावर लांब. भाषांतरही मग बदललं. "तुझ्या बाजूने जोर लाव" ऐवजी "तुझ्याकडून रेट रे" आलं. आणि प्रयोगात जे घडलं त्याला मी तयार नव्हतो. प्रेक्षक त्या चौघांच्या बाजूने झाले. लाकूड एकदाचं बसू दे, असं सगळ्यांना वाटू लागलं. ते बसलं, क्रूस उभा राहिला, आणि आपण कशाला हातभार लावत होतो हे समोर दिसलं.

येशू त्यात दोनदाच बोलतो. एकदा आडवं होण्याआधी आणि एकदा वर गेल्यावर. वरून तो शिपायांशी बोलत नाही. वाटेने, रस्त्याने जाणाऱ्या सगळ्या माणसांनो, असं म्हणून आपल्या जखमा पाहायला सांगतो. यॉर्कमध्ये ऐकणारे खरोखरच रस्त्यात उभे होते. खिळा बनवणाराच खिळा ठोकतो आणि रस्त्यातल्या माणसाला रस्त्यातला माणूस म्हणूनच हाक येते. इतकी ताकद मठातल्या संवादातून 'वाढून' आलेली नाही. ती या शहराची, या धंद्याची आणि या गाड्याची आहे.

इंग्लंडमधल्या वेकफील्डच्या मेंढपाळांचं नाटक तुमच्या अभ्यासक्रमात असेलच, म्हणून थोडक्यात. मॅक नावाचा भामटा चोरलेली मेंढी पाळण्यात लपवून बायकोला बाळंतीण असल्याचं सोंग घ्यायला लावतो. चोरी उघडी पडते. आणि लगेच देवदूत खऱ्या पाळण्याची, येशूच्या जन्माची, बातमी देतो. हा विनोद धर्मापासून सुटका म्हणून आलेला नाही. पाळण्यातलं कोकरू हे चित्र आधी हसून पाहिलेलं असलं की नंतर गुडघे टेकताना ते डोळ्यांसमोर राहतं.

फ्रान्समध्ये गाड्यांऐवजी एकाच मोठ्या जागेत अनेक 'घरं' मांडत: एका टोकाला स्वर्ग, दुसऱ्या टोकाला नरक. आर्नुल ग्रेबां याचं १४५० च्या सुमाराचं ख्रिस्तदुःखाचं नाटक सुमारे ३५,००० ओळींचं, चार दिवसांचं. व्हालांसिएनमध्ये १५४७ चा प्रयोग २५ दिवस चालला. मेत्समध्ये १४३७ साली ख्रिस्ताचं काम करणारे पाद्री क्रुसावर मरता मरता वाचले आणि यहूदा झालेल्याला फासातून वेळेवर काढावं लागलं. फाशीचा प्रवेश बसवणाऱ्या प्रत्येकाने ही घटना लक्षात ठेवावी. नटाला धरून ठेवणारे पट्टे, म्हणजे हार्नेस, दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय मी आजही तालीम सुरू करत नाही.

'धर्माचं बोट सोडून मोकळं झालं' ही शेवटची पायरी तर साफ चुकीची आहे. ही नाटकं आपोआप मागे पडली नाहीत, ती थांबवली गेली. पॅरिसच्या पार्लमेंटने, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने, १५४८ मध्ये पवित्र विषयांवरचे प्रयोग बंद केले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कॉर्पस क्रिस्टीचा सणच रद्द झाला. तरी यॉर्ककरांनी १५६९ पर्यंत प्रयोग केले. चेस्टरचा शेवटचा प्रयोग १५७५ चा, आणि त्यासाठी महापौराला राणीच्या मंत्रिमंडळापुढे जाब द्यावा लागला. वेकफील्डला १५७६ मध्ये बजावलं गेलं की देवाचं रूप कोणी घ्यायचं नाही. यॉर्कच्या लोकांनी १५८० मध्येही महापौराकडे नाटक करू द्या अशी मागणी केली. ते गाडे पुन्हा दिसले नाहीत. यॉर्कच्या संहितेचा मोठा प्रयोग झाला तो थेट १९५१ मध्ये, सेंट मेरीज मठाच्या भग्न भिंतींसमोर.

मराठीत करायचं म्हणताय, तर आपल्याकडची एक खरी वाट सांगतो. कव्हेंट्रीचे गाडे शेवटचे निघाले त्याच १५७९ साली फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पंथाचा इंग्रज पाद्री गोव्यात उतरला. त्याचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोलला छापलं गेलं, सुमारे ११,००० ओव्यांचं. त्याचा आवाका गाड्यांचाच आहे: सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या जन्म, मरण आणि स्वर्गारोहणापर्यंत. मी यात कारण आणि परिणाम जोडत नाही. पण हव्वेचा मोह, मरीयेचा शोक, क्रुसाखालचं बोलणं यांसाठी लागणारी मराठी चारशे वर्षांपूर्वी घडवली गेली आहे, ती आधी वाचा. आणि ईस्टरआधीच्या उपासकाळात गोव्यात जा. अनेक चर्चमध्ये प्रवचनाच्या वेळी पडदा बाजूला होतो आणि ख्रिस्ताच्या दुःखाचं एक दृश्य पुतळ्यांतून समोर येतं. गुड फ्रायडेला हात वळणारी मूर्ती क्रुसावरून हळूहळू खाली उतरवतात. विंचेस्टरचं ते वस्त्र समजून घ्यायला यापेक्षा जवळची जागा नाही.

सुरुवात मात्र त्या चार ओळींच्या संवादानेच करा. प्रेक्षकांना खुर्च्या देऊ नका. प्रयोगाच्या आदल्या रात्री त्यांच्यादेखत एखादी वस्तू पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवा आणि त्यांच्यातल्याच चौघांना पहाऱ्याला बसवा. पहाटे तीन मुलींना धुपाटणी घेऊन चालू द्या, पाऊल जपून, शोधत असल्यासारख्या. तालमीत एवढ्या चालण्यालाच आठ दिवस द्या. प्रश्न गाताना आवाज मध्यम ठेवा. कापड उलगडल्यावर पार्श्वसंगीत नको. सगळ्यांना ते रिकामं दिसेपर्यंत थांबा, मग घंटा वाजवा, असतील तेवढ्या सगळ्या.